अधिकारीपदाचा अर्ज आणि बेळगावातला एक वर्ग

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने बेळगावच्या कॅम्प भागाजवळ चालणाऱ्या एका निवासी वर्गात 21 दिवस काढले. लष्करात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींकडून सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे आपण ज्याला सरसकट एसएसबी म्हणतो त्या चाचणीची तयारी हा वर्ग करून घेतो. राहणे, जेवण आणि शिकवणी मिळून 22,000 रुपये शुल्क होते. खानापूर तालुक्यातील एका मराठी हायस्कुलात मी इतिहास शिकवतो. एवढी रक्कम एकदम काढणे आमच्या घराला सोपे नव्हते, आणि आमच्यासारख्या घरांतली बरीच मुले आता या वाटेला लागली आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे. वर्गाबद्दल माझ्या काही गंभीर तक्रारीही आहेत, त्यामुळे त्याचे आणि तेथील शिक्षकांचे नाव येथे दिलेले नाही.

आमच्या भागाला फौज नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, आणि खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात पलटणीत कोणीच गेलेले नाही असे गाव शोधावे लागेल. भरतीला 1600 मीटर किती वेळात धावावे लागते, हे गावातल्या आजीबाईसुद्धा सांगतात. परंतु त्याच गावात अधिकारी कसे होतात असे विचारले, तर उत्तर मिळत नाही. जवान आपल्या घरातून जातो आणि साहेब दुसऱ्या कोठून तरी येतो, अशी समजूत इतकी खोल बसली आहे की सुभेदार म्हणून निवृत्त झालेली माणसेही आपल्या मुलाला भरतीच्या मैदानावरच घेऊन जातात. ज्यांना साहेब व्हायचे असते त्यांनी कोणाची तरी ओळख काढावी, हा आमच्याकडचा दुसरा समज, आणि तो माझ्या मनातही होता, हे मान्य केले पाहिजे.

प्रवेशाच्या दिवशी मी एका निवृत्त ब्रिगेडियरांचे शिफारसपत्र बरोबर नेले होते. वर्गाचे प्रमुख शिक्षक निवृत्त लेफ्टनंट कर्नल आहेत. सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणतात. त्यांनी ते पत्र आदराने वाचले, घडी घालून माझ्या हातात परत दिले आणि सांगितले की हे पत्र लावायला निवड मंडळाकडे फाईलच नसते. मुलीच्या छातीवर आणि पाठीवर एक क्रमांक लागेल, पाच दिवस तिला त्या क्रमांकाने ओळखतील, आणि तिच्या बाजूने बोलणारे तिच्याखेरीज कोणी असणार नाही. मला ते थोडे लागले. पण चौथ्या दिवशी पालकांनाही खुले असलेले त्यांचे व्याख्यान ऐकल्यावर, पत्र परत करण्यामागे किती मोठा इतिहास होता ते कळले. या वर्गाला द्यायच्या गुणांपैकी निम्मे गुण मी त्या दोन तासांसाठी देईन.

व्याख्यानाचा विषय होता: नव्याने स्थापन झालेल्या प्रजासत्ताकात सैन्याचा अधिकारी कोणी नेमायचा आणि त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा. राजा असतो तेव्हा हा प्रश्नच नसतो. पद राजाचे, देणाराही राजाच. राजा गेल्यावर काय होते, हे सांगण्यासाठी कर्नलसाहेबांनी प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेतले. स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेचा पॅरिसमधील प्रतिनिधी सायलस डीन फ्रेंच अधिकाऱ्यांना मोठमोठ्या हुद्द्यांची आश्वासने देत सुटला. त्यांपैकी द्यु कुद्रे नावाच्या अधिकाऱ्याला तोफखान्याचे प्रमुखपद मिळणार अशी वार्ता आली, तेव्हा ग्रीन, सलिव्हन आणि नॉक्स या तीन सेनानींनी राजीनाम्याचा इशारा दिला. त्याच 1777 सालच्या जुलैमध्ये अवघ्या 19 वर्षांच्या लाफायत या फ्रेंच तरुणाला मेजर जनरल करण्यात आले. त्याने वेतन न घेता सेवा करण्याची तयारी दाखवली होती, आणि पुढे तो त्या हुद्द्याला पुरेपूर उतरला. पण निवडीला कसोटी नसेल तर लाफायतही मिळतो आणि नको असलेला माणूसही मिळतो, हा त्यातला मुद्दा मुलांच्या लक्षात आणून देण्यात आला.

युद्ध संपल्यावरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटला. जून 1784 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सैन्य जवळजवळ मोडीत काढले. कोठारांच्या राखणीसाठी 80 शिपाई ठेवले आणि कॅप्टनच्या वरचा एकही अधिकारी ठेवला नाही. राजाची फौज नुकतीच हटवलेल्या लोकांना स्वतःच्या फौजेचीही भीती वाटत होती. आयुष्याची उमेदीची वर्षे रणांगणावर घालवलेल्या माणसांना घरी परतून पोटापाण्याचा उद्योग शोधावा लागला. 1789 मध्ये त्या युद्धातले सेनापती वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा पदांसाठी अर्जांचा ओघ त्यांच्याकडे सुरू झाला: कोणी युद्धातील जखमा सांगे, कोणी बुडालेली मालमत्ता, तर कोणी थोरामोठ्यांची पत्रे जोडी. नव्या राज्यघटनेने नेमणुकीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला होता, पण सिनेटच्या संमतीची अट घालून. म्हणजे हुद्दा देणारा हात एकट्याचा राहिला नाही, ही पहिली पायरी. तरीही तो द्यायचा कशाच्या आधारावर, याचे उत्तर अजून हाती आले नव्हते.

ते नव्हते याचा पुरावा 1798 सालचा. फ्रान्सशी युद्धाचा रंग दिसू लागला, तेव्हा निवृत्त वॉशिंग्टनना पुन्हा सेनापती नेमण्यात आले. हाताखालचे प्रमुख अधिकारी आपण निवडू, या अटीवर त्यांनी पद स्वीकारले आणि हॅमिल्टन, पिंकनी, नॉक्स असा क्रम दिला. राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांना नॉक्स पहिले हवे होते, कारण जुन्या युद्धात नॉक्स यांचा हुद्दा हॅमिल्टनपेक्षा कितीतरी वरचा होता. अखेर वॉशिंग्टन यांचा शब्द राहिला आणि नॉक्स यांनी ती नेमणूक नाकारली. त्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन, हॅमिल्टन आणि पिंकनी फिलाडेल्फियात महिनाभर बसून अर्ज चाळत होते, आणि त्या चाळणीत उमेदवाराचे राजकीय मतही पाहिले जात होते. कर्तबगार माणसेसुद्धा कसोटीच्या अभावी ओळखीपाळखीवर आणि पक्षावर कशी येतात, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला वर्गात शिकवताना कधी सापडले नव्हते. वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी यानंतर, 1802 मध्ये निघाली.

मग आपल्याकडची गोष्ट. 1932 मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली, तेव्हा पहिल्या तुकडीत 40 जण होते: 15 खुल्या परीक्षेतून, 15 सैन्यातील शिपायांमधून आणि 10 संस्थानांच्या फौजांमधून. परीक्षा होती, तरी कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, राजाच्याच राज्यातले होते. 26 जानेवारी 1950 रोजी ते बदलले. राज्यघटनेच्या 53 व्या अनुच्छेदाने संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आले, त्याच वर्षीच्या लष्कर कायद्याने कमिशन देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला, खांद्यावरच्या मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यात होते. शेजारचे कोल्हापूर संस्थान 1949 च्या मार्चमध्ये विलीन झाले होते, आणि त्याची राजाराम रायफल्स ही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत सामावली गेली. ज्यांचे हुद्दे कालपर्यंत दरबाराने दिलेले होते, त्यांच्या वारसदारांना आता देशाच्या एकाच दारातून आत यायचे होते.

येथे कर्नलसाहेबांनी 18 वा अनुच्छेद वाचून दाखवला. लष्करी किंवा विद्याविषयक मानविशेष वगळता राज्य कोणताही किताब देणार नाही, असे तो सांगतो. सरदार, रावबहादूर हे किताब गेले; कॅप्टन आणि मेजर राहिले. आमच्या भागातील देसायांच्या, इनामदारांच्या आणि सरदारांच्या वाड्यांकडे पाहत वाढलेल्या मुलांना हे वाक्य समजावून सांगावे लागले नाही. सरदारकी बापाकडून मुलाकडे येते, कॅप्टनकी येत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने मागावी लागते, आणि ती मागण्याचा रस्ता देसायाच्या मुलाला आणि त्याच्या कुळाच्या मुलाला एकच आहे.

व्याख्यानात एक मोठी उणीव मात्र होती, आणि ती माझ्या मुलीनेच उभे राहून दाखवली. त्याच 1950 च्या लष्कर कायद्याच्या 12 व्या कलमाने, सरकार अधिसूचित करील त्या शाखा वगळता, स्त्रियांना सैन्यात येण्याची बंदी होती. वैद्यकीय आणि परिचर्येसारख्या मोजक्या सेवा सोडल्या, तर स्त्रियांसाठी अधिकारीपदाचे दार 1992 मध्ये उघडले. बहुतेक शाखांत स्थायी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या, कमिशनसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2020 च्या निकालाची वाट पाहावी लागली, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) 17 मुलींची पहिली तुकडी 30 मे 2025 रोजी बाहेर पडली. एकच दार म्हणताना ते निम्म्या प्रजेला 40 वर्षांहून अधिक काळ बंद होते, हे सांगायला नको का, असा तिचा प्रश्न होता. कर्नलसाहेबांनी चूक तेथेच मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी हा भाग फळ्यावर लिहून सर्वांना शिकवला. शिक्षक म्हणून मला त्यांच्याबद्दल वाटणारा आदर त्या दिवशी वाढला.

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. निवड मंडळाची चाचणी पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट लिहिण्याची चाचणी होते, आणि त्यातच अनेक जण घरी पाठवले जातात. मुलांच्या भाषेत ते 'स्क्रीन आउट' होतात. उरलेल्यांची तपासणी तीन अधिकारी तीन बाजूंनी करतात. मानसतज्ज्ञ लिहिलेल्या उत्तरांवरून मन पाहतो, मुलाखत घेणारा बोलणे पाहतो आणि मैदानावरचा अधिकारी, ज्याला सगळे जीटीओ म्हणतात, कृती पाहतो. शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे मंडळाच्या एकत्रित बैठकीपर्यंत, हे तिघे आपली मते एकमेकांना सांगत नाहीत. कायावाचामने माणूस एकच आहे का, हे पाहण्याची ही रीत आहे. कोणा एकाच्या मर्जीवर निवड अवलंबून राहू नये, ही 1798 मध्ये न सापडलेली वाट यात सापडलेली आहे, असे मला वाटते.

मैदानावरचे शिक्षण उत्तम होते. वर्गाने भाड्याच्या मोकळ्या जागेत फट्टा (फळी), बल्ली (लाकडी ओंडका) आणि रस्सी घेऊन करायचे अडथळे स्वतः उभारले आहेत. लाल रंगाला पाय लागला की सगळ्या गटाला मागे यावे लागते. पहिल्या आठवड्यात मुले एकमेकांच्या हातातून फळी ओढून घेत. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कळू लागले की गटातला सर्वांत गप्प मुलगाच अनेकदा योग्य अंतर हेरतो. कमांड टास्कमध्ये, म्हणजे स्वतः नेतृत्व करायच्या कामात, उमेदवाराला आपले दोन सहायक निवडायचे असतात. मुलीने पहिल्यांदा दोन्ही मैत्रिणी निवडल्या आणि काम अर्ध्यावर अडकले. का निवडल्या, एवढेच जीटीओंच्या भूमिकेतल्या शिक्षकांनी विचारले आणि पुढे काहीही बोलले नाहीत. ती गोष्ट तिने मला तीन वेळा फोनवर सांगितली.

भाषेची अडचण आमच्या मुलांची जुनीच. घरी मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड, कागदावर कन्नड, आणि चाचणी इंग्रजीत. मुलाखतीत इंग्रजी अडले तर थोडे हिंदी चालते, पण गटचर्चेत अडखळणाऱ्याचे म्हणणे बहुधा कोणी ऐकून घेत नाही. वर्गाने यावर केलेला उपाय मला पसंत पडला: पहिले पाच दिवस गटचर्चा मराठीत, आणि मग तोच विषय, तेच मुद्दे इंग्रजीत. आधी विचार पक्का होऊ द्यायचा आणि मग भाषा बदलायची, हे तत्त्व आमच्या शाळांनीही उचलण्यासारखे आहे. गटात अथणीचे दोन कन्नड भाषक मुलगे होते. त्यांना मराठी कळत होते, पण बोलता येत नव्हते. त्यांनी कन्नडमध्ये बोलावे, अशी मोकळीक कर्नलसाहेबांनी पहिल्याच दिवशी दिली, आणि बाकीच्यांना ते समजलेही.

आता तक्रारी. मानसशास्त्रीय चाचण्यांचे शिक्षण वर्गाने दुसऱ्या एका शिक्षकाकडे सोपवले आहे, आणि तो भाग मला मुळीच मान्य नाही. 12 चित्रांच्या चाचणीत, जिच्यातले शेवटचे चित्र कोरे असते, प्रत्येक गोष्टीला चार मिनिटे मिळतात. या शिक्षकांनी मुलांना 15 तयार गोष्टी पाठ करायला दिल्या: पुरात अडकलेले गाव, आजारी मित्र, रक्तदान शिबिर, आणि प्रत्येक गोष्टीचा नायक सगळ्या संकटांवर मात करणारा. एका शब्दाला 15 सेकंद याप्रमाणे 60 शब्दांवर वाक्ये लिहायची असतात, त्यांचीही छापील यादी दिली. स्वतःविषयी लिहायच्या परिच्छेदाचा नमुना तर असा होता की त्यात फक्त आपले गाव भरायचे. ज्या वर्गात प्रवेशाच्या दिवशी, तुझ्या बाजूने बोलणारे तुझ्याखेरीज कोणी नाही, असे शिकवले जाते, त्याच वर्गात नवव्या दिवशी मुलांच्या हातात परक्याने लिहिलेला 'मी' ठेवला जावा, याचे मला अतिशय वाईट वाटले. हे शिफारसपत्राचेच दुसरे रूप आहे. मी परत नेलेले पत्र निदान एका खऱ्या माणसाने लिहिलेले होते.

छापील टिपणांतही चुका होत्या. निवड मंडळाची ही पद्धत 1950 मध्ये प्रजासत्ताकाने सुरू केली, असे त्यांत होते. वस्तुतः पहिले मंडळ दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये डेहराडूनला सुरू झाले, आणि प्रजासत्ताकाने ते पुढे चालवले. खडकवासल्याची प्रबोधिनी 1949 पासून तेथे आहे, हेही चूक. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहरूंनी पायाभरणी केली. शिक्षण तोवर डेहराडूनजवळच्या क्लेमेंट टाउनमध्ये चालू होते आणि प्रबोधिनीचे खडकवासल्याला उद्घाटन जानेवारी 1955 मध्ये झाले. मुलाखतीत मुलाने अशी चूक आत्मविश्वासाने सांगितली तर समोरच्या अधिकाऱ्याला ती लगेच कळेल. मी दोन्ही दुरुस्त्या लिहून दिल्या आणि त्या स्वीकारल्या गेल्या.

मुलींच्या निवासाची व्यवस्था स्वच्छ होती, पण मैदानापासून तीन किलोमीटर दूर, आणि पहाटेच्या रिक्षाचा खर्च शुल्कात धरलेला नव्हता. जेवण साधे आणि पोटभर: सकाळी उप्पीट किंवा पोहे, दुपारी भाकरी, उसळ, भात. जाहिरातीतले 'निवडीची खात्री' हे शब्द मात्र वर्गाने काढून टाकावेत. अशी खात्री देणे कोणाच्याच हातात नाही, आणि कर्ज काढून आलेल्या पालकाला त्या दोन शब्दांचा अर्थ फार वेगळा लागतो.

मुलीने एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्रावर अर्ज केला होता. या मार्गाने येणाऱ्यांना लेखी परीक्षा नसते. पदवीला किमान 50 टक्के गुण लागतात आणि निवडलेल्या अर्जदारांना थेट मंडळापुढे बोलावतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून ती सकाळी बेंगळूरला पोहोचली. जाताना तिने पाठ करायच्या 15 गोष्टींची वही घरीच ठेवली. चित्रांच्या चाचणीत तिने मलप्रभेच्या काठचे आमचे गाव, बंद पडलेला पंप आणि तो दुरुस्त करायला कोणी तयार नसताना पुढे झालेल्या दोन बहिणी, अशी गोष्ट लिहिली. मैदानावर तिचे काम चांगले झाले, मुलाखत 50 मिनिटे चालली. पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर जी नावे वाचली गेली, त्यांत तिचा क्रमांक नव्हता. 11 जणांपैकी दोघांची शिफारस झाली. ती दोन दिवस गप्प होती, आणि तिसऱ्या दिवशी तिने पुढच्या वेळच्या अर्जाची तारीख विचारली. वयाची 25 वर्षे होईपर्यंत तिला हा मार्ग खुला आहे.

ज्यांच्या घरी अधिकारीपदाविषयी सांगणारे कोणी नाही, ज्यांना गटात बोलण्याची सवय नाही आणि ज्यांनी मैदानावरचे अडथळे कधी पाहिलेले नाहीत, त्यांना या वर्गाचा निश्चित उपयोग होईल, आणि त्यांच्यासाठी शुल्क जास्त असले तरी वाया जाणारे नाही. सैनिक शाळेत किंवा लष्करी शाळेत शिकलेल्या मुलांनी येथे पैसे घालवण्याची गरज नाही. प्रवेश घेताना मानसशास्त्राचा भाग कोण शिकवणार हे आधी विचारावे, आणि तयार गोष्टींची वही दिली गेली तर ती नम्रपणे परत करावी. पहाटेच्या रिक्षाचे 21 दिवसांचे पैसेही हिशेबात धरावेत. पहिल्यांदाच मंडळापुढे जाणाऱ्या उमेदवाराला रेल्वेभाडे मंडळाकडून परत मिळते, हे आम्हाला वर्गात कोणी सांगितले नाही. तिकीट जपून ठेवावे. पुढच्या तुकडीच्या व्याख्यानाला कर्नलसाहेबांनी मला बोलावले आहे. 12 व्या कलमाचा भाग या वेळी सुरुवातीलाच घेणार असल्याचे त्यांनी कळवले आहे, आणि त्या दिवशी मुलगीही माझ्याबरोबर येणार आहे.